कोणता पिवळा? पेरोव्हस्काइट सेलच्या नोंदी, सांगली

सांगलीच्या हळदीच्या पेठेत पिवळ्या रंगाला भाव मिळतो. आमच्या प्रयोगशाळेत काच पिवळी पडली की तो दिवस गेला म्हणायचा. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षापासून मी पेरोव्हस्काइट सौरसेल करते, म्हणजे द्रावणातून काचेवर बसवलेल्या काळ्या स्फटिकी थराने सूर्यप्रकाशातून वीज करणारे सेल. आमच्याकडे ग्लोव्हबॉक्स (कोरड्या वायूने भरलेली, हातमोजे बसवलेली बंद पेटी) नाही आणि सोन्याचा थर चढवायचं यंत्रही नाही. काच गरगर फिरवून पातळ थर देणारा स्पिन कोटर, हॉटप्लेट, मफल भट्टी आणि सूर्यप्रकाशाची नक्कल करणारा एक छोटा सिम्युलेटर, एवढ्यावर काम चालतं. एवढीच सामग्री असलेल्या कुणाला उपयोग होईल म्हणून वहीतल्या नोंदी थोड्या साफ करून इथे देतेय. चुका मुद्दाम ठेवल्या आहेत.

११ जून

एफटीओ काचा (एका बाजूला पारदर्शक वीजवाहक थर असलेल्या) आल्या. १० × १० सेंमीच्या दहा, १७,५०० रुपये. अडीच सेंमीचे चौकोनी तुकडे केले तर एका काचेचे सोळा होतात. कटर आणून मीच कापायला बसले आणि पहिल्या दोन काचांतले अकरा तुकडे वाकडेतिकडे तुटले. म्हणजे दोन तासांत हजारभर रुपये गेले. संध्याकाळी उरलेल्या आठ काचा घेऊन मारुती रोडवरच्या एका फोटोफ्रेमवाल्याकडे गेले. कुठली बाजू वर ठेवायची तेवढं त्याला सांगितलं, म्हणजे मल्टीमीटर ज्या बाजूला रोध दाखवतो ती खाली. अर्ध्या तासात त्याने सगळ्या कापून दिल्या. एकही फुटली नाही.

१३ जून

एचिंग, म्हणजे काचेच्या एका भागातला वीजवाहक थर काढून टाकणे. टेप लावून उघड्या भागावर जस्ताची पूड, तिच्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब, मग कान साफ करायच्या काडीने पुसून घेणे. आम्ल टेपखाली शिरलं तर कडा करवतीसारखी होते. टेप नखाने दाबून बसवायची. धुतल्यावर प्रत्येक काच मल्टीमीटरने तपासायची, हा नियम आज केला. आज सहा काचा शॉर्ट निघाल्या.

१९ जून

इलेक्ट्रॉन गोळा करणारा टिन ऑक्साइडचा थर सोपा निघाला. १ मिली इथेनॉलमध्ये साधारण २२.५ मिग्रॅ टिन क्लोराइड (पाण्याचे दोन रेणू असलेलं), स्पिन केल्यावर १८० अंशांवर एक तास.

पेरोव्हस्काइटचा थर मात्र नीट बसेना. सुरुवात सगळे करतात त्या मिथाइल अमोनियम लेड आयोडाइडने केली. १ मिली द्रावणाला ४६१ मिग्रॅ लेड आयोडाइड आणि १५९ मिग्रॅ मिथाइल अमोनियम आयोडाइड, द्रावक डीएमएफ आणि डीएमएसओ ४:१. काच फिरत असताना ठरलेल्या सेकंदाला वरून क्लोरोबेंझीन सोडायचं, म्हणजे मूळ द्रावक निघून जातो आणि एकदम बारीक स्फटिक धरतात. वाचायला दोन ओळी आहेत. खोलीतली आर्द्रता ८१ टक्के होती. काळ्याभोर आरशासारख्या थराच्या जागी ताकासारखा पांढुरका, मळकट थर आला. बाराच्या बारा काचा तशाच.

२ जुलै

क्लोरोबेंझीन बंद केलं, इथाइल ॲसिटेट वापरून बघितलं. दमट हवेत ते चांगलं चालतं असं वाचलं होतं. प्रयोगशाळाभर नेलपॉलिश काढायच्या बाटलीचा वास. आठपैकी तीन काचा चकचकीत आल्या. एसी दोन तास आधी लावून आर्द्रता ६० वर आणली तर आठात पाच येतात. थेंब टाकायचा क्षण एक-दोन सेकंदांनी चुकला तरी काचेच्या मधोमध चंद्र उमटतो.

हातमोजे घालाच आणि थेंब पडला की लगेच बदला. डीएमएसओ कातडीतून आत जातं आणि त्यात विरघळलेलं शिसं सोबत जाऊ शकतं. धुवण सिंकमध्ये ओतायचं नाही. आमच्याकडे झाकणाचा वेगळा कॅन आहे, त्यावर प्रयोगशाळेच्या मामांनी मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहून ठेवलंय.

१४ जुलै

पहिला पूर्ण सेल! वर कार्बनची पेस्ट ब्लेडने ओढून इलेक्ट्रोड केला. व्होल्टेज ०.९७, करंट प्रति चौरस सेंमी २८.३ मिलिअँपिअर, फिल फॅक्टर (व्होल्टेज आणि करंटच्या गुणाकाराचा किती भाग प्रत्यक्ष वीज म्हणून मिळतो) ०.५१. कार्यक्षमता १४ टक्के. कँटीनमधून पेढे आणले, घरी फोन केला.

१५ जुलै

सरांनी आलेख बघितला आणि एवढंच विचारलं, ‘‘या पदार्थातून २८ चा करंट कुठून आणलास?’’

बरोबर होतं त्यांचं. बँडगॅपच्या (पदार्थ किमान किती ऊर्जेचा प्रकाश शोषतो त्याच्या) हिशेबाने पूर्ण सूर्यप्रकाशात हा पदार्थ २६ च्या वर करंट देऊच शकत नाही. इलेक्ट्रोड ५ × ५ मिमी धरून मी ०.२५ चौरस सेंमीने भागलं होतं. पेस्ट पसरून तो ६ × ६ झाला होता, म्हणजे ०.३६. काळ्या पत्र्याला भोक पाडून मास्क केला आणि पुन्हा मोजलं. करंट १९.६, कार्यक्षमता १० टक्के. पेढे तोवर संपले होते.

मास्कशिवाय काढलेला एकही आकडा वहीत राहणार नाही.

२६ जुलै

चार दिवस पाऊस थांबला नाही. आयर्विन पुलापाशी पाणी चढायला लागलं की सांगलीत चहाच्या गाड्यावरसुद्धा फुटांतच बोलतात. २०१९ चं पाणी ज्यांनी घरात बघितलंय ते चाळीसच्या आकड्यालाच सामान हलवायला लागतात. आम्हीही लेड आयोडाइडच्या बाटल्या आणि कचऱ्याचा कॅन तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेले. या भानगडीत १४ तारखेचे सेल ड्रॉवरमध्ये उघडेच राहिले. बारा दिवसांनी बघते तर सगळे पिवळे. ओल लागून मिथाइल अमोनियम निघून गेलं की मागे लेड आयोडाइड उरतं, त्याचा हा पिवळा.

९ ऑगस्ट

पदार्थ बदलायचं ठरलं. मिथाइल अमोनियम उष्णतेनेही उडतं. छपरावरच्या पॅनेलचं तापमान उन्हाळ्यात सहज ६५ च्या वर जातं, तिथे हा पदार्थ कितीही जपला तरी टिकायचा नाही. त्याच्या जागी फॉर्मामिडिनियम आणि सोबत १५ टक्के सीझियम. नुसतं फॉर्मामिडिनियम स्फटिकाच्या जाळीच्या मापाला जरा मोठं पडतं, त्यामुळे खोलीच्या तापमानाला काळा टप्पा (वीज करणारी स्फटिकाची मांडणी) सोडून ते आपसूक पिवळ्या टप्प्यात जातं. लहान सीझियम घातलं की जाळी सावरते.

१ मिलीला माप: लेड आयोडाइड ४६१ मिग्रॅ, फॉर्मामिडिनियम आयोडाइड १४६ मिग्रॅ, सीझियम आयोडाइड ३९ मिग्रॅ. सीझियम आयोडाइड डीएमएफमध्ये नीट विरघळत नाही. आधी ते डीएमएसओमध्ये विरघळवा आणि मग बाकीचं मिसळा. मी उलटं केलं आणि अर्धा दिवस ढवळत बसले.

११ सप्टेंबर

गौरी-गणपतीला गावी, तासगाव तालुक्यात. आबांचं बेदाण्याचं शेड आहे. हंगाम नसल्यामुळे जाळ्या रिकाम्या होत्या. थेंब टाकायची वेळ दर वेळी कशी चुकते ते त्यांना सांगत होते. ते म्हणाले, ‘‘वतायचं कशाला त्यावर? वारं लाव की. द्राक्षं आपण काय उन्हात वाळवतो व्हय? सावलीत ठिवायची आन् वारं खेळतं ठिवायचं. हवा कोंदट झाली की माल काळा पडला म्हनून समज.’’

वारा लावून थर सुकवायची पद्धत आमच्या क्षेत्रात आहेच, गॅस क्वेंचिंग म्हणतात तिला. आमच्याकडे नायट्रोजनचा सिलिंडर नाही म्हणून मी तो विचार सोडून दिला होता. पण कोरडी हवाही चालेल की. फक्त आबांना माल काळा पडू द्यायचा नाही आणि मला काळाच हवाय.

२० सप्टेंबर

ओळखीच्या गॅरेजमधून छोटा कॉम्प्रेसर आणला. हवा सिलिका जेल भरलेल्या दोन नळ्यांतून काढली. काच फिरायला लागून दहा सेकंद झाले की वरून पंचवीस सेकंद वारा. थर काळा आला, पण त्यावर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक खड्ड्याभोवती गोल कडं. चार दिवस जेल बदल, अंतर बदल, दाब बदल. पाचव्या दिवशी नळीच्या तोंडाशी टिश्यू धरला, दहा मिनिटांत त्यावर तेलकट डाग उमटला. गॅरेजच्या कॉम्प्रेसरचं पिस्टन तेलात चालतं, ते तेल हवेसोबत बाहेर येतं. सिलिका जेल पाणी धरतं, तेल नाही.

आबांना फोनवर सांगितलं तर किती वेळ हसत होते. ‘‘डिपिंग ऑइल आपल्या द्राक्षाला लागतं. तुझ्या काचंला कुनी सांगितलं?’’

२९ सप्टेंबर

दातांच्या डॉक्टरांचा कॉम्प्रेसर बिनतेलाचा असतो. रुग्णाच्या तोंडात तेल जाऊन कसं चालेल! मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. जुना एक ९,००० रुपयांत मिळाला, रिक्षातून घेऊन आले. पहिल्याच दिवशी दहापैकी आठ काचा स्वच्छ, खड्डा नाही. निळी सिलिका जेल गुलाबी झाली की १२० अंशांवर दोन तास भाजून पुन्हा वापरायची. रोज सकाळी आल्या आल्या हे काम.

१० ऑक्टोबर

थर काळा होतो, तापवून उतरवेपर्यंत काळा राहतो आणि दुसऱ्या दिवशी पिवळा. सगळ्यांचं एकच निदान: ओल. परतीचा पाऊस चालू आहे, बरोबरच असणार. जेलची तिसरी नळी जोडली. काचा डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात ठेवल्या. तरी पिवळ्या. प्लास्टिकच्या मोठ्या खोक्याला भोकं पाडून, हातमोजे चिकटवून घरगुती ड्राय बॉक्स केला. त्यात आर्द्रता ३० च्या खाली आली. तरीही पिवळ्या.

१६ ऑक्टोबर

वैताग. काही केलं नाही. काचा धुतल्या.

२१ ऑक्टोबर

सहा काचा घेऊन कोल्हापूरला विद्यापीठात, एक्स-रे डिफ्रॅक्शन करायला, म्हणजे एक्स-किरण टाकून थरात कोणता स्फटिक आहे ते ओळखायला. काचा स्टीलच्या डब्यात, वर सिलिका जेल, डबा मांडीवर. एसटीत शेजारच्या मावशी म्हणाल्या, ‘‘डब्यात काय गं, वड्या?’’

आलेख बघून मला घाम फुटला. ओलीने पडलेला पिवळा, म्हणजे लेड आयोडाइड, १२.७ अंशांवर शिखर देतो. काळा टप्पा १४ च्या जवळ. माझ्या काचांवर ठळक शिखर ११.८ ला होतं. हा फॉर्मामिडिनियमचाच दुसरा टप्पा, न शिजलेला पिवळा. लेड आयोडाइडची तिथे नावालाही रेघ नव्हती. म्हणजे महिनाभर मी ज्याच्या मागे लागले होते तो चोर या घरात शिरलाच नव्हता.

२२ ऑक्टोबर

काळा टप्पा पक्का धरायला १५० अंश लागतात. हॉटप्लेटवर १५० च लिहिलेलं होतं. मामांकडून थर्मोकपल (तापमान मोजायची तार) घेतलं आणि काचेच्या वरच्या बाजूला चिकटवलं. १२७! आमच्या प्लेटचा सेन्सर आत खाली बसवलाय, वरच्या पत्र्याची आणि काचेची उष्णता वाऱ्याने जाते. त्यात मी ड्राय बॉक्समधला वारा थेट प्लेटवरून सोडत होते, म्हणजे ओल काढायच्या उपायानेच प्लेट थंड होत होती. प्लेट १७८ वर ठेवली तेव्हा काच १५० ला आली. पंधरा मिनिटं.

जुन्या १०० अंशांच्या नोंदीही तपासल्या. तेव्हा काच ८६ लाच होती.

२४ ऑक्टोबर

दोन दिवस झाले, काचा काळ्याच. हॉटप्लेट नवीन असली तरी पहिल्या दिवशी थर्मोकपलने तपासा. दोनशे रुपयांचं थर्मोकपल मी साडेतीन महिने वापरलं नाही. त्यात गेलेल्या रसायनांचा हिशेब २३,००० च्या आसपास आहे, बाकी वेळ निराळा.

१२ नोव्हेंबर

दिवाळी झाली. आता कार्बन.

पेस्ट थेट थरावर ओढली की खालचा थर कडेने पिवळा होतो, कारण पेस्टमधला द्रावक पेरोव्हस्काइट थोडा खातो. हा तिसरा पिवळा म्हणा. यावर उपाय असा: पेस्ट साध्या काचेवर ओढायची, ओली असतानाच काच इथेनॉलच्या ट्रेमध्ये ठेवायची. वीसेक मिनिटांत पेस्टमधला द्रावक बाहेर पडून इथेनॉल आत शिरतं आणि कार्बनचा पापुद्रा काचेवरून सुटा होतो. चिमट्याने एक कोपरा धरून हळूच उचलायचा. प्लास्टिकच्या कागदावरून उडदाचा ओला पापड सोडवताना हात जसा जपून चालतो, अगदी तसाच. घाई केली की मधोमध फाटतो. आईने दोन वेळा बघितलं आणि तिसरा तिनेच काढला, अख्खा.

पापुद्रा टिपकागदावर सुकवून कात्रीने कापायचा, सेलवर ठेवायचा आणि दाबायचा. दाबायला सुताराचा शिकंजा, दोन्ही बाजूंना सिलिकॉनचे तुकडे. अर्धवट ओला दाबला तर इथेनॉलचे डाग उठतात. चार सेल असेच गेले. बोटाला गार लागत नाही तोवर थांबायचं.

१८ डिसेंबर

सकाळी डीएमएसओची बाटली उलटी केली तर थेंबही पडेना. आत सगळं गोठलेलं. साडेअठरा अंशांखाली ते घट्ट होतं, आणि रात्री सांगलीत चांगलीच थंडी होती. बाटली कोमट पाण्यात ठेवली. 

सेल: व्होल्टेज ०.९६, करंट २१.१, फिल फॅक्टर ०.५८, कार्यक्षमता ११.७. हा उलट्या स्कॅनचा आकडा, म्हणजे व्होल्टेज जास्तीकडून कमीकडे नेत मोजलेला. सुलट्या स्कॅनला १०.१. दोन्ही लिहायचे. एकच लिहिणाऱ्यांच्या आलेखावर माझा आता विश्वास बसत नाही.

थरावर फेनइथाइल अमोनियम आयोडाइड, आयसोप्रोपॅनॉलमध्ये १ मिलीला ५ मिग्रॅ, स्पिन केलं. व्होल्टेज १.०२, कार्यक्षमता १२.६. पृष्ठभागावरचे मोकळे दोष त्याने बुजतात. १५ मिग्रॅ घेतलं तर करंट घसरला, जास्त जाड झालेला हा थर विजेची वाट अडवतो.

२२ डिसेंबर

सहा सेल झाकण न लावता अंधाऱ्या ड्रॉवरमध्ये. आठवड्याला एकदा मोजणी.

९ जानेवारी

झाकण बसवायला घेतलं. वर दुसरी काच आणि कडेने बाजारातलं दोन नळ्यांचं इपॉक्सी. दोन तासांत कडेने आत सरकणारी पिवळी रेघ दिसायला लागली. इपॉक्सी कडक करणाऱ्या नळीत अमाइन असतं, ते पेरोव्हस्काइटवर हल्ला करतं. टिकवायला लावलेल्या गोष्टीनेच मारलं.

१४ जानेवारी

सुट्टी होती तरी आले, तिळगूळ मामांसोबत खाल्ला. गाडीचे हेडलाइट पुन्हा चिकटवायला काळी ब्युटाइल रबरची टेप मिळते. कार डेकोरच्या दुकानातून एक गुंडाळी आणली. काचांच्या मध्ये कडेने लावून ९० अंशांवर गरम करून दाबली. तिच्यात द्रावकही नाही आणि अमाइनही नाही.

तपासायला दमट कपाट विकत घेणं परवडत नाही. त्याऐवजी हवाबंद डब्याच्या तळाशी वाटीभर मिठाचं संपृक्त द्रावण, तळाला न विरघळलेलं मीठ दिसलंच पाहिजे. आत आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते. डबा ६५ अंशांच्या ओव्हनमध्ये. उद्योगातली कसोटी ८५ अंश आणि ८५ टक्क्यांची, १,००० तासांची असते. आमचा डबा तिच्यापुढे बालवाडी आहे, हे माहीत आहे.

२५ जानेवारी

उघडे सेल तीस तासांत पिवळे. ब्युटाइलवाले २४० तासांनंतर सुरुवातीच्या ९१ टक्क्यांवर.

३ फेब्रुवारी

अंधाऱ्या ड्रॉवरमधल्या सेलचे १,००० तास पूर्ण. सहापैकी पाच ९४ टक्क्यांच्या वर, एकाचा पापुद्रा सुटला. खूश व्हायचं कारण नाही. हिवाळ्यात खोलीत आर्द्रता चाळिशीत असते. हेच सेल जुलैत ठेवले असते तर काय झालं असतं ते जुलैतच कळेल.

५ फेब्रुवारी

चार झाकलेले सेल गच्चीवर, दक्षिणेकडे तोंड करून, प्रत्येकाला एक रोध जोडून. रिकामे ठेवले की ते लवकर बिघडतात, म्हणून लोड लावला.

८ मार्च

तीन सेल ठीक. ९०, ८९ आणि ९२ टक्के. चौथा ६४ वर. झाकणातून बघितलं तर खालच्या डाव्या कोपऱ्यातून ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळा ठिपका आत शिरलाय. टेपची दोन टोकं मी त्याच कोपऱ्यात जुळवली होती, आणि वळणावर टेप ताणली जाऊन पातळ झाली होती. बाकी तिघांचा जोड बाजूच्या मध्यावर आहे.

नवे आठ सेल करताना टेप अखंड घेतेय, जोड मध्यावर आणि टोकं एकमेकांवर ५ मिमी चढवून. हा ठिपका लेड आयोडाइडचा की ११.८ वाला, ते बघायला गुरुवारी कोल्हापूर. डबा घासून ठेवलाय.